द्राक्षांच्या पंपाने रंगवलेलं घर

माझ्या हातून आजवर बरेच घोळ झालेत, पण हा एक असा आहे की सिडकोत आमच्या घराचा पत्ता विचारलात तर पानवाला अजूनही आधी हसतो आणि मग हात दाखवतो. चहा घ्या, सांगतो. आणि मध्ये हसायचं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखाना नाशिकरोडला, माझी बहीणही तिथेच, म्हणून नाना आठ दिवस तिच्याकडे राहणार होते. निघताना मला म्हणाले, तेवढ्यात घराला बाहेरून रंग देऊन घे. रंगारी लाव, स्वतः हात लावू नकोस.

आता चाळिशीच्या माणसाला असं कोणी बोलतं का? नानांनी मला उभ्या जन्मात शाबासकी दिलेली नाही. दहावीला पास झालो तेव्हाही त्यांनी पेपरात नंबर दोनदा तपासला होता. मी मनाशी ठरवलं की रंग आपणच द्यायचा. नव्या डोळ्याने घर बघून एकदा तरी ‘बरं केलंस’ म्हणतील. मला तेवढंच हवं होतं, खरं सांगतो.

सहा दिवस मी साधनांचा अभ्यास केला. हार्डवेअरवाला म्हणाला चार इंची ब्रश घ्या. मी हिशेब मांडला, ब्रशने महिना लागला असता. रोलर आणला, पण आमचं प्लास्टर खरबरीत, रोलर नुसता वरवर फिरायचा आणि खड्डे कोरडेच राहायचे. बांबूला कुंचला बांधून पाहिला, तर सगळा रंग कोपरापर्यंत माझ्याच अंगावर. बायको म्हणाली, रंगाऱ्याला निदान विचारा तरी. मी म्हटलं, त्याला विचारायचं तर मग मी कशाला?

सातव्या दिवशी निफाडहून मेहुणा आला. त्याची द्राक्षबाग. त्याने भिंतीकडे एक नजर टाकली.

“दाजी, लय सोपं काम हाय. माझा फवारणीचा पंप घ्या. अख्खी बाग सकाळच्या पारी उरकते, तुमचं घर ते केवढं?”

मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठी मारली. दुपारपर्यंत पंप दारात हजर. जाताना त्याने बजावलं, की आत मोरचूद होतं, टाकी चार पाण्यांनी धुऊन घ्या. मोरचूद म्हणजे बागेवर मारतात ते निळंशार औषध. पण आमच्याकडे नळ तासभरच येतो. मी एक तांब्या पाणी आत फिरवलं आणि ओतून दिलं.

बदामी सिमेंट पेंट पातळ केला, जुन्या धोतरातून गाळला, पंप पाठीवर घेतला. काय सांगू तुम्हाला, दोन तासांत चारही भिंती ओल्या! ओला रंग सगळीकडे सारखाच गडद दिसत होता. थोडा वारा होता, पण बागेतही असतोच की.

सकाळी रंग वाळला. डावीकडे बदामी, मध्ये पोपटी, उजवीकडे निळा, आणि सगळीकडे गोवर आल्यासारखे ठिपके. मी पायरीवरच बसलो. 

तेवढ्यात रिक्षा थांबली. नाना आले. फाटकात उभं राहून त्यांनी काळा चष्मा काढला आणि बराच वेळ घराकडे बघितलं. मग डावा डोळा हाताने झाकून पुन्हा बघितलं.

“बाबू, डोळा गेला रे माझा. सगळं निळं दिसतंय, ठिपक्याठिपक्यांचं.”

नाना खात्री करायला समोरच्या जोशीकाकूंच्या पांढऱ्या स्कूटरकडे वळले. तिच्यावर ठिपके होते. बायको पाणी घेऊन बाहेर आली, तर तिची साडी निळी. ती खरंच निळी होती. शेवटी काकूंचा पांढरा कुत्रा शेपूट हलवत आला. त्याच्याकडे बघून नाना मटकन खाली बसले.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? हवंच होतं. पण मी काय केलं, तर तीच रिक्षा थांबवली आणि नानांना घेऊन परत दवाखान्यात गेलो. द्वारका चौक येईपर्यंत सांगू म्हटलं, मग पुढच्या सिग्नलला सांगू म्हटलं, तेवढ्यात दवाखाना आला.

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. नानांनी सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. डॉक्टर गोंधळले. अक्षरं स्वच्छ आणि कुत्रा निळा, हे काही त्यांना जुळेना. म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं काही असेल, मुंबईला दाखवावं लागेल, कदाचित डोळा पुन्हा उघडावा लागेल. नानांनी माझा हात धरला. मला माझीच लाज वाटली.

“नाना, डोळा चांगला आहे,” मी म्हटलं. “घरच तसं आहे. मी रंगवलंय. द्राक्षांच्या पंपाने.”

“आणि कुत्रा?”

“वारा होता.”

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. नानांनी माझा हात सोडला, काळा चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. डॉक्टर कसेबसे गंभीर होऊन म्हणाले, उजवा डोळा उत्तम झालाय, डावा पुढच्या महिन्यात करून टाकू.

“राहू द्या, डॉक्टर,” नाना म्हणाले. “याचं काम बघायला एक डोळासुद्धा जास्त झाला.”