बसवून विचारलं असतं तर

गाव सोडलं त्या सकाळी आमच्या घराला छप्पर नव्हतं. आदल्या दोन दिवसांत अण्णांनी आणि काकांनी सगळी कौलं उतरवून सरकारी ट्रकमध्ये रचली होती. वासे, दाराची चौकट, जातं, कोंबड्यांचं खुराडं, सगळं भरून झालं होतं. आई मात्र उघड्या घरात बसून रिकाम्या चुलीला हळदकुंकू लावत होती आणि खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी नऊ वर्षांची होते. धरणाचं पाणी अजून दिसत नव्हतं, पण येणार हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. सातारच्या डोंगरातून निघालो ते दुसऱ्या दिवशी सोलापूरकडच्या माळावर उतरलो. तिथे झाड नव्हतं. चुन्याने आखलेले चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एक नंबर.

भावंडांनो, तुमच्यातले निम्मे त्याच ट्रकमध्ये होतात, म्हणून हे तुम्हाला सांगायला नको. उरलेले नंतर जन्मलात, माळावरच. पुढे कुणी पुण्याला गेलं, कुणी मस्कतला. मी सगळ्यात लांब आले, नॉटिंगहॅमला. चोवीस वर्षं झाली. मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर धाकट्या सुहासनं लिहिलं, 'ताई, तू तिकडे प्लॅनिंगमध्ये आहेस म्हणजे तूही लोकांना उठवतेस का?' त्यानं हसण्याचं चित्र टाकलं होतं. मला हसू आलं नाही. त्याला उत्तर द्यायचं तर ग्रेसबद्दल सांगायला हवं.

निनाद, माझा मुलगा, युनिव्हर्सिटीत शिकायला गेला आणि वरची खोली रिकामी झाली. माझा नवरा मिलिंद म्हणाला, त्या खोलीत भाडेकरू ठेवू, घर खायला उठतंय. सप्टेंबरच्या एका दुपारी ग्रेस आली. पूर्व आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाच्या नियोजन खात्यातली अधिकारी, वय अडतीसच्या आसपास, सरकारी स्कॉलरशिपवर एक वर्षाची मास्टर्स करायला आलेली. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ती अजून तिथेच नोकरी करते. दोन मुली आईकडे ठेवून आली होती. पहिला आठवडाभर ती हीटरजवळ कोट घालून बसायची आणि मुलींशी फोनवर बोलताना आवाज इतका आनंदी काढायची, की मला शेजारच्या खोलीत ऐकवत नसे. मीही पहिल्या वर्षी आईशी असंच बोलायचे.

तिचा विषय होता, गरीब देशात सरकारनं विकास रेटून न्यायचा की लोकांना विचारत न्यायचा. माझा दिवस तर त्यातच जातो. शेजारच्या एका छोट्या कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मी प्लॅनिंग ऑफिसर आहे. कुणी घरं बांधायची म्हटलं, बायपास काढायचा म्हटला, की लोकांची हरकतीची पत्रं येतात आणि ती मी वाचते. सावली पडेल, पार्किंग जाईल, तळ्यातले पाणसरडे मरतील. प्रत्येक पत्राला उत्तर द्यावं लागतं. एकदा ग्रेसला मी कमिटीची मीटिंग बघायला नेलं. एका घराच्या मागच्या बाजूच्या बांधकामावर पाऊण तास चर्चा चालली. बाहेर येईपर्यंत तिनं हसू दाबून धरलं होतं. बस स्टॉपवर डोळे पुसत म्हणाली, "तुम्हा लोकांना सगळं आधीच बांधून मिळालंय. म्हणून ही चर्चा परवडते."

मला ते लागलं. म्हटलं, "विचारणं म्हणजे चैन नाही."

"माझ्या बहिणीबद्दल सांगितलं का तुला?" ती म्हणाली, आणि बस येईपर्यंत सांगत राहिली. तिच्या लहानपणी त्यांच्याकडे निवडणुका होत्या, पाच-सहा पक्ष होते, वर्तमानपत्रं होती. प्रत्येक पक्षानं त्यांच्या डोंगराला रस्ता द्यायचं वचन दिलं. थोरल्या बहिणीला बाळंतपणात कळा अडल्या तेव्हा चौघांनी तिला खाटेवर घालून दवाखान्याकडे नेलं. वाटेत नदीपाशीच ती गेली. "मग आत्ताचं सरकार आलं. त्यांनी भाषणं कमी केली, विरोधकांना गप्प केलं, आणि दोन वर्षांत रस्ता आणला. दवाखाना आणला. माझ्या धाकट्या बहिणीची तिन्ही मुलं तिथे जन्मली. मला सांग, मी कुणाला शिव्या देऊ?"

बस आली आणि आम्ही चढलो.  आपल्याकडे धरणाचं पाणी ज्यांच्या उसाला गेलं, त्यांची मुलंही डॉक्टर झालीच ना.

मे महिन्यात इथल्या लोकल निवडणुका होत्या. कॉमनवेल्थ देशांतल्या लोकांना इथे राहतानाच मत देता येतं, विद्यार्थ्यांनाही. मी तिचं नाव नोंदवायला लावलं होतं. आम्ही दोघी चर्चच्या हॉलमध्ये गेलो. पासपोर्ट दाखवला, कागद घेतला. लाकडी आडोशात ती इतका वेळ उभी राहिली, की टेबलामागच्या बाईनं विचारलं, काही मदत हवी का. बाहेर आल्यावर मी तिला थांबवलं.

"काय झालं?"

"आमच्याकडे निकाल आधीच माहीत असतो. भीती वाटत नाही. आज पहिल्यांदा वाटलं, माझ्या चुकीनं चुकीचा माणूस निवडून येईल."

तेव्हा मी हसले. घरी येऊन चहा केला. आमचं असं छान चाललं होतं.

जूनमध्ये प्रबंधाचं काम सुरू झालं तेव्हा ते बिघडलं. एका रविवारी मी पोळ्या लाटत होते आणि ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्या देशात सरकारनं नदीचं पाणी वळवून मोठी सरकारी शेती उभी केली होती, त्यावर ती एक प्रकरण लिहीत होती. बोलता बोलता म्हणाली, गावकऱ्यांची सभा मीच घेतली होती. शाळेच्या खोलीत. एक म्हातारा उभा राहून म्हणाला, आमच्या थडग्यांचं काय? मग दुसरा बोलला, मग बायका बोलू लागल्या. सभा संपल्यावर तिनं अहवालात लिहिलं, 'चर्चेअंती सर्वांनी एकमताने संमती दिली.'

"का लिहिलंस?"

"तेच लिहायचं असतं. वरून छापील नमुना येतो. आणि शेती चांगलीच झाली, वैशाली. आता तिथे धान्य पिकतं. गेल्या दुष्काळात आम्ही कुणाकडे हात पसरला नाही."

मी लाटणं ठेवलं. अण्णांनी सही केलेला कागद मी मोठेपणी पाहिला आहे. त्यावरही टाइप केलेलं होतं, खातेदारांची काही हरकत नाही. अण्णा सातवी शिकलेले, त्यांना वाचता येत होतं. वाचूनच त्यांनी सही केली होती, कारण जीपमध्ये साहेब थांबले होते. मी ग्रेसला म्हणाले, "म्हणजे तू ती जीपमधली बाई आहेस. माझ्या बापाला उठवणारी."

मी याहून वाईटही बोलले. तिनं लॅपटॉप बंद केला आणि वर गेली. चार दिवस आम्ही एकमेकींना फक्त बाथरूम रिकामी झाली का एवढंच विचारलं. मिलिंद म्हणाला, "तू तिच्यावर चिडलीस की त्या कागदावर?" 

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. अण्णा आता एकोणऐंशीचे. माळावरच्या घरात, तीच जुनी कौलं घातलेल्या पडवीत बसून बोलतात. ग्रेस पाणी घ्यायला खाली आली होती. अण्णांनी तिला पडद्यावर पाहिलं आणि हात जोडले. ती थबकली. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "त्यांना विचारशील? ते धरण बांधायला नको होतं, असं त्यांना वाटतं का?"

मला विचारायचं नव्हतं. चाळीस वर्षांत हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. त्यांचं उत्तर मला पाठ आहे असं समजून चालले होते. तरी विचारलं.

अण्णा पडद्याकडे वाकले. 

"धरण कशाला वाईट म्हणू," ते म्हणाले. "वीज झाली. खालच्या मुलखाला पाणी मिळालं. लोकांची पोटं भरली. ते बरंच झालं." मग चष्मा काढून पुसला. "पण आम्हास्नी उभ्या उभ्या सांगितलं गं. बसवून इचारलं असतं, तर कुणी सांगावं, हो बी म्हटलं असतं."

मी भाषांतर केलं. शेवटचं वाक्य तिनं दोनदा करायला लावलं. ग्रेसनं अण्णांना विचारलं, "नाही म्हटलं असतंत तर?" अण्णा हसले. "मग साहेबाला परत यावं लागलं असतं. आला असता तर काय बिघडलं असतं? च्या पाजला असता."

कॉल संपला. ग्रेस म्हणाली, "सॉरी." मी म्हटलं, "मी पण." त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा केला. तिला तो इतका आवडला, की पुढे ती मुद्दाम जास्त पोळ्या करायला सांगायची.

मला वाटलं, आता ती सभेची खरी हकीकत प्रबंधात लिहील. तिनं नाही लिहिली. मी विचारलं तर म्हणाली, "इथे लिहून मला चांगले मार्क मिळतील. पण खोटं जिथे लिहिलं, दुरुस्ती तिथेच करायला हवी." शेतीचा दुसरा टप्पा येणार होता. आणखी दोन गावं त्यात जाणार होती, आणि सभा तिलाच घ्यायची होती.

मी घाबरले. म्हटलं, स्कॉलरशिपवाल्यांची परवानगी काढून बघ, इथे राहता येईल का. मुलींना आण. मी शाळा शोधते. मनापासून सांगत होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इथे मला मत देता आलं. त्याबद्दल मी जन्मभर आभारी राहीन. पण भांडायचं तर ते आपल्या माणसांशी भांडावं लागतं. इथे मी कुणाशी भांडू? तुझ्या पाणसरड्यांशी?"

सप्टेंबरमध्ये तिला हीथ्रो विमानतळाच्या बसमध्ये बसवलं. आजवरच्या प्रत्येक निरोपात निघणारी मीच होते. मागे उरणं मला नवीन होतं. बस वळल्यावरही मी तिथेच उभी होते. तेव्हा मला निरोप देऊन मागे उरलेल्या आईच्या बाजूनं पहिल्यांदा विचार केला.

नंतर चार-पाच महिने तिचे मेसेज मुलींबद्दल आणि हवेबद्दलच यायचे. मग एकदा लांबलचक फोन आला. तिनं सभा घेतली होती. एकदा नव्हे, तीनदा. अहवालात छापील वाक्य खोडून कोण काय म्हणालं ते त्यांच्या शब्दांत लिहिलं होतं, आणि पहिल्या टप्प्याच्या अहवालात आपण काय चूक केली होती तेही जोडलं होतं. वरिष्ठ ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तुला इंग्लंडनं बिघडवलं." ती म्हणाली, "इंग्लंडनं नाही, इंडियातल्या एका शेतकऱ्यानं." महिन्याभरात तिची बदली जुनी कागदपत्रं ठेवायच्या कार्यालयात झाली. गाडी गेली, हाताखालची माणसं गेली. पण तो अहवाल कुणी फाडला नाही. काम काही महिने थांबलं, कालव्याची रेषा पुन्हा आखली गेली. एक गाव वाचलं. दुसरं उठलं.

मी अण्णांना सांगितलं. मला वाटलं, हळहळतील. ते म्हणाले, "एक राहिलं न्हवं?" आणि मग विचारलं, त्या पोरीला आता घरी यायला वेळ मिळतो का. मिळतो. मुलींचा अभ्यास ती स्वतः घेते. पण तिला ते काम आवडायचं, हेही खरं आहे, आणि त्याची भरपाई कुणी केलेली नाही. तिच्या सरकारबद्दल ती आजही वाईट बोलत नाही. "रस्ता त्यांनीच आणला," म्हणते. "मी फक्त म्हणते, रस्त्यावरून आमचंही ऐकायला या."

सुहास, तर तुझं उत्तर. मी लोकांना उठवत नाही, पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हरकती वाचल्या आणि स्वतःची एकही केली नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आपण पाहुणे, आपण कशाला बोला. गेल्या हिवाळ्यात आमच्या रस्त्याच्या टोकाच्या मैदानावर एका बिल्डरला फ्लॅट बांधायचे होते. शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. मिलिंदला म्हटलं, मी जाते. मागच्या रांगेत बसले होते. अर्ध्या तासानं हात वर केला, आणि लगेच वाटलं, खाली घ्यावा.

मी म्हणाले, घरं हवीतच, निनादच्या वयाच्या मुलांना इथे राहायला जागा नाही. पण मैदानातून शाळेत जायची मुलांची वाट बंद करण्याआधी आम्हाला कुणी विचारलं नाही. ती ठेवून नकाशा करता येईल का, ते दाखवा, मग आम्ही सांगू. माझं इंग्रजी घाईघाईचं झालं. एका म्हाताऱ्या बाईनं वळून पाहिलं आणि मान हलवली.

टेबलामागचा माणूस नोंद करत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या?"

या देशात हा प्रश्न मला हजारदा विचारला गेलाय. दर वेळी मी अडखळते. इंडिया म्हणते, मग पुण्याजवळ म्हणते, कारण सोलापूरकडचा माळ त्यांना ठाऊक नसतो आणि डोंगरातलं गाव सांगावं तर ते आता नकाशावर नाही.

"छत्तीस नंबर," मी म्हणाले. "मैदानाच्याच रस्त्यावरचं, कोपऱ्यावरचं घर."

त्यानं लिहून घेतलं.