घेर बघायचा राहिला

शिंप्याला गाडी शोभत नाही असं त्याच्या बायकोचं मत होतं, आणि ती ते मनात ठेवत नसे. "दिवसभर सुईत दोरा ओवायचा, आणि सुटीच्या दिवशी लाटसाहेबासारखं पेट्रोल जाळत हिंडायचं!"

गाडी जुनी, रंग उडालेली, आणि प्यायला पट्टीची. पण त्याच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, गुडघे गेले होते. शेजारच्या गावात ती एका खोलीत एकटी राहायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे; तेवढंच तिचं जग. सुटीच्या दिवशी शिंपी तिला गाडीत घालून धरणाच्या बांधावर न्यायचा. तिथे बस जात नव्हती. आक्का खाली उतरायची नाही. काच खाली करून पाण्याकडे बघत बसायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. गाडी गेली की आक्काचं पाणीही जाणार, हे दोघा भावंडांना ठाऊक होतं. तोंडातून काढलं कोणीच नव्हतं.

शेवटी बायकोने अट घातली. "ॲव्हरेज वाढवून दाखवा, नाहीतर गाडी विका. आक्कांचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण घर चालवायचं मला आहे."

टायरवाल्याने उपाय सांगितला. लोखंडी चाकं काढायची, अलॉयची हलकी चाकं बसवायची, त्यांवर अरुंद टायर चढवायचे आणि हवा कडक भरायची. "वजन कमी, रस्त्याला घासणारी पट्टी कमी. मास्तर, जाडा माणूस बारीक झाला तर पळेल की नाही?"

शिंप्याला हे चटकन पटलं. पन्हा, म्हणजे रुंदी, कमी केला की कापड हलकं होतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने चाकं बदलली. जुनी दुकानाच्या मागे रचून ठेवली.

गाडी खरंच हलकी पळू लागली. टाकी भरायची, मीटरचा आकडा बघायचा, पुन्हा टाकी भरायची. ॲव्हरेज चांगलंच वाढलेलं दिसलं. बायकोने आकडे दोनदा विचारले आणि म्हणाली, "बरं, राहू दे तुमचा खटारा." शिवाय मागच्या सीटवर आक्कासाठी एक उशी आणून ठेवली. शिंप्याला वाटलं, जिंकलो.

मग ॲव्हरेजची मोजणी संपल्यावर एका सुटीला निघताना त्याने पूर्वीसारखं मीटर शून्यावर आणलं. आक्काच्या दारात कोणता आकडा यायचा, ते त्याला वर्षानुवर्षं पाठ होतं. तो आकडा या वेळी तिच्या गल्लीचं वळण यायच्या आधीच येऊन गेला. रस्ता तोच, वळणं तीच, आणि आक्काचं घर मात्र लांब गेलं होतं.

परतल्यावर तो दुकानामागे गेला. गळ्यातली टेप काढून जुन्या टायरभोवती लावली. टेप पुरेना, तेव्हा खडूची खूण करून पुढे मोजलं. मग तसंच नवं चाक मोजलं. नव्याचा घेर कमी भरला; अरुंद टायर उंचीलाही बुटके होते.

तो तिथेच पायरीवर बसला. पन्हा बघितला आणि घेर बघायचा राहिला. माप घेताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकांना जन्मभर दटावणारा माणूस! लहान चाक त्याच रस्त्यावर जास्त वेळा फिरतं, आणि मीटर मोजतं ते फिरणंच. वाढलेल्या ॲव्हरेजमधलं खरं होतं ते मूठभर. बाकी नुसती मीटरची बढाई.

गप्प बसता आलं असतं. दुसरं कोण टेप लावणार होतं? पण त्या खोट्या आकड्यावर आक्काचं पाणी टांगलेलं होतं, आणि ते त्याला बघवेना.

पुढच्या सुटीला बांधावर गाडी थांबवून त्याने आक्काला सगळं सांगितलं. ती हसत सुटली. "म्हणजे मी जागची न हलता लांब राहायला गेले!" हसू ओसरल्यावर म्हणाली, "एक सांगू? या चाकांवर माझी हाडं खुळखुळ्यासारखी वाजतात रे. एकेक खड्डा कमरेत येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू जुनी चाकं चढवली असतीस, आणि गाडी गेली असती." तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. "मला यायचं असतं."

घरी आला तेव्हा बायको बटणं निवडत होती. त्याने घेराचं सांगितलं, हाडांचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ॲव्हरेज वाढलंच नाही."

"जवळजवळ नाही. उद्या जुनी चाकं चढवतोय."

"मग गाडी विकायची."

"नाही." इतकं सरळ तो तिला कधी बोलला नव्हता. "गाडी पिते, आणि पिणार. हिशेबात ती बसायची नाही, म्हणून आता हिशेब दाखवत नाही. आक्काला पाणी बघायचंय आणि मला तिला न्यायचंय. मी दोन कपडे जास्त शिवीन, पण नेईन."

बायकोने एक बटण निवडून बाजूला ठेवलं. "हे आधीच तोंड उघडून बोलला असतात," ती म्हणाली, "तर त्या बिचारीची हाडं तरी वाचली असती."

हा होकार होता की टोमणा, ते त्याला कळेना. विचारायचं धाडसही झालं नाही. सकाळी जॅक लावून त्याने जुनं लोखंडी चाक दोन्ही हातांनी उचललं. ते त्याला वाटलं होतं त्याहून बरंच जड होतं. वाकून त्याने ते बसवलं.