अर्धा बदललेला मासा

उतरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळी सुरत पतंग उडवायला गच्चीवर जाते आणि खाली कुलपं लागतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मासे सणवार बघून सापडत नाहीत. जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठेपणी मादी होतो. त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे शरीराचा सगळा मजकूर, वाचायचं काम मी कधीपासून करते आहे ते आठवावंसंही वाटत नाही. मजकूर तोच राहतो, उघडणारी पानं तेवढी बदलतात. ती बघायला अर्ध्या बदलातला ताजा मासा हवा होता.

डुमसच्या मच्छीमारकाकांना मी सांगून ठेवलं होतं, आणि त्यांना तो नेमका सणाच्या दिवशी मिळाला. मी प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी सगळं मांडून बसले होते. काकांना पुढच्या फाटकावर कुलूप दिसलं, माझा फोन लागेना, तेव्हा ते बर्फाची पेटी बमरोलीला आमच्या घरी ठेवून गेले.

बाबांना वाटलं, लेकीनं सणाचा मासा पाठवला. साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, उभं राहून पाठ गेली तेव्हापासून स्वयंपाक तेच करतात आणि मिलमध्ये आई जाते. पाहुणे थट्टा करतात. पुढच्या महिन्यात साच्यावर परत, असं बाबा हसून सांगतात. तो पुढचा महिना काही उजाडत नाही.

मी पोचले तेव्हा तुकड्यांना मीठ-हळद लागली होती. ओरडायचं त्राण नव्हतं. मी ओट्याखाली बसून रडले. वर गच्चीत पोरं पतंग कापून 'काप्यो छे' करून बोंबलत होती.

रात्रपाळी करून आई आत झोपली होती, म्हणून बाबांनी हळूच विचारलं, एवढं काय होतं त्या माशात. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"मग तो फिरी नर व्हस का?"

मी थकले नसते तर काहीतरी गोड बोलले असते. नाही, म्हटलं, एकदा मादी झाला की झाला, परत नर नाही.

तेव्हा मला ओट्यावरची कातर दिसली. साच्यावरचे धागे कापायची, लहानशी. परत कामावर जायचं म्हणून बाबा तिला तेल लावून खिळ्याला टांगून ठेवत, आईलाही हात लावू देत नसत. तिच्या पात्यांना खवले चिकटले होते.

"बरं शे," बाबा म्हणाले. मग त्यांनी कातर धुतली, पुसली आणि चमच्यांच्या डब्यात ठेवली.