मैलाच्या दगडासमोरचा गुत्ता

"सिंगापूरच्या इतिहासाचा चालताबोलता दीपस्तंभ कायमचा मालवला." अरविंद शिंत्रे गेल्याची बातमी मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या वाक्यात मिळाली. बुओना व्हिस्टा स्टेशनवर एमआरटीची वाट पाहत होतो. मजकूर दोनदा वाचला आणि मनात आधी हेच आलं, की अरविंदरावांनी यावर हरकत घेतली असती. दीपस्तंभ चालत नाही. आणि इतिहास म्हणाल, तर त्यांनी त्याचा फार थोडा भाग अभ्यासला होता : जुने रस्ते आणि त्या रस्त्यांवरचे दारूचे गुत्ते. त्यापलीकडचं काही विचारलं की "तो माझा विषय नाही" म्हणून मोकळे होत... गाडी आली आणि गेली. मी चढलो नाही.

पुण्याहून ते सांडपाण्याच्या वाहिन्यांचे इंजिनिअर म्हणून दोन वर्षांसाठी इथे आले आणि राहिलेच. बुकित तिमाहला आमचा कॉन्डो एकच, ब्लॉक समोरासमोर. निवृत्त झाल्यावर "आता काय करणार?" असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "हा रस्ता पूर्वी कुठून जायचा ते बघणार." त्यात गुत्ते कशाला, हे मला कळेना. त्यांचं म्हणणं असं, की सरकारी नकाशा रस्ता कुठून जायला हवा होता ते सांगतो. खरोखर कुठून जात होता ते गुत्त्याच्या जागेवरून कळतं, कारण तहानलेला गाडीवान वाट वाकडी करत नाही. स्वतः मात्र थेंबाला शिवले नाहीत. जुन्या इमारतीत एखादा पब अजून चालू असला, तर तिथे बसून लिंबू सरबत मागवत आणि भिंतींची जाडी बघत. वहिनी म्हणायच्या, "लोकांच्या बायकांना नवरा कुठे पितो याचा घोर. आमचे हे शंभर वर्षांपूर्वी कोण कुठे प्यायलं ते शोधत उन्हात फिरतात."

वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळताना त्यांना कळलं, की आमच्या कॉन्डोच्या आसपास, एका मैलाच्या दगडासमोर, घोड्यांच्या तबेल्यासकट एक गुत्ता होता. इथे पूर्वी पत्ते मैलांत सांगत. म्हातारे टॅक्सीवाले अजूनही सांगतात. अरविंदरावांनी शहरातल्या जुन्या पोस्टापासून आजच्या रस्त्याने अंतर मोजलं. दगडावरचा मैल बरोबर आमच्या मुख्य फाटकापाशी येऊन संपला. व्यवस्थापन समिती खूश झाली. इतिहास असलेल्या फ्लॅटला चार पैसे जास्त येतात, असं अध्यक्ष मिस्टर टॅन यांनी मोकळेपणाने सांगितलं. फाटकावर पितळी पाटी लावायचं ठरलं. खाली लिहायचं होतं : संशोधन, अरविंद शिंत्रे. कामाचा पास आणि पगाराच्या पावत्या सोडल्या, तर या देशात त्यांचं नाव कुठेच छापून आलं नव्हतं. पाटीचा नमुना आला तेव्हा त्यांनी तो मला तीनदा दाखवला, दर वेळी स्पेलिंग तपासायच्या निमित्ताने.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात आम्ही फिरायला म्हणून कॉन्डोच्या मागच्या गल्लीत गेलो. ती गल्ली एके ठिकाणी गोल वळते. मी तिथून हजार वेळा गेलो असेन. अरविंदराव थांबले. "ही का वळते?" म्हणाले. सिंगापूरमध्ये विनाकारण काही वळत नाही. घरी जाऊन ते जुन्या नकाशांवर दोरा ठेवत बसले आणि संध्याकाळी माझ्या दारात आले.

"चुकलं," ते म्हणाले.

"काय चुकलं?"

"इथे दलदल होती. जुना रस्ता तिला वळसा घालून जायचा, मागची गल्ली म्हणजे तोच वळसा. मी आजचा सरळ रस्ता मोजला. वळशात लांबी गेली, म्हणजे मैल अलीकडेच संपला."

"अलीकडे म्हणजे कुठे?"

त्यांनी माझ्या खिडकीतून खाली बोट दाखवलं. तिथे आमचं बिन सेंटर होतं. सगळ्या ब्लॉकचा कचरा तिथे जमतो.

ते तडक मिस्टर टॅनकडे गेले. मीही गेलो. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती, करी पफची ऑर्डर गेली होती. टॅन समजुतीच्या सुरात, खास इथल्या इंग्रजीत म्हणाले, "अंकल, नोबडी विल चेक, लाह."

"आय चेक्ड," अरविंदराव म्हणाले.

समारंभ व्हायचा तो झालाच. लाल फीत, मखमली पडदा, कोट घालून घामाघूम झालेले प्रमुख पाहुणे. त्यांनी वारसा या विषयावर बोलताना तीन वेळा 'डिअर फ्रेंड्स' म्हटलं आणि पडदा ओढला. मग संशोधकाला दोन मिनिटं दिली. अरविंदराव उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "गुत्ता इथे नव्हता. मी चुकीचं मोजलं. तो मागे, बिन सेंटरपाशी होता. करी पफ मात्र इथेच आहेत, घ्या."

आमच्या मंडळातले मी बरेच सत्कार पाहिले आहेत. सत्काराला उत्तर देताना कुणी स्वतःचंच संशोधन मोडीत काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. टाळ्या वाजवाव्या की नाही हे कुणाला ठरवता येईना. मी वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींनीही वाजवल्या, जरा जास्तच वेळ.

पुढे कित्येक महिने त्यांनी समितीला सोडलं नाही. शेवटी समितीने एक तोड काढली. पाटी हलवू, पण कचऱ्यापाशी पितळ शोभणार नाही, तिथे प्लास्टिकची छोटी लावू, आणि अशा जागी कुणा रहिवाशाचं नाव बरं दिसणार नाही. अरविंदरावांनी बैठकीतच होकार दिला. परतताना मी न राहवून म्हणालो, "नाव गेलं की हो."

"मैल बरोबर आला," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."

वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पितळ मलाच घासावं लागलं असतं. सुटले."

तेव्हापासून पुण्याहून कुणीही पाहुणा आला, की अरविंदराव त्याला बागा, समुद्र, उंच इमारती दाखवण्याआधी कचऱ्याच्या खोलीकडे न्यायचे. पाहुणे नाकाला रुमाल लावून गुत्त्याचा इतिहास ऐकत. काहींनी त्यांच्या तब्येतीबद्दल वहिनींकडे खासगीत चौकशीही केली.

ते जाऊन महिना होत आला. गेल्या आठवड्यात वहिनींची भाची पुण्याहून आली. तिला घेऊन आम्ही पाटीपाशी गेलो. वहिनी आजवर एकदाही तिथे आल्या नव्हत्या. वास सोसत नाही म्हणत. या खेपेला पुढे झाल्या, पाटी सावकाश वाचली आणि मग मागे वळून त्या गोल गल्लीकडे पाहिलं.

"घोडागाडी इथून वळायची," त्या भाचीला म्हणाल्या. "तुझे काका फाटकापाशी सांगत होते ते चूक. त्यांनीच दुरुस्त केलं ते." आवाजात जो ताठा होता, तो मी समारंभातल्या कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता.

कुणाला ती पाटी पाहायची असेल, तर रविवारी जावं. त्या दिवशी कचऱ्याची गाडी येत नाही.