झाकणाचं मशीन

साबणाने हाती धुतलेल्या सुती कापडाचा ओला वास मशीनमधून निघालेल्या कपड्यांच्या वासाहून अगदी निराळा असतो. थोडा दमट, थोडा गोडसर, आणि का कोण जाणे, थोडा केविलवाणा. गेल्या हेमंतात, बाहेरचं धुकं काचांना टेकून उभं असताना, सासूबाईंच्या खोलीत मला तो वास आला. हीटर आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद फटीत त्यांनी आपले आतले कपडे पिळून कोंबून वाळत घातले होते, आणि ते दिसू नयेत म्हणून हीटरवर शाल पसरली होती.

सासरे गेल्यानंतर आई मिरजेहून आमच्याकडे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आल्या होत्या. मंदार, माझा नवरा, इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आई आता कायमच्याच राहणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण थोड्याच दिवसांत त्या परतीच्या तिकिटाचं विचारू लागल्या. थंडी सोसत नसेल, एकटं वाटत असेल, अशी आम्ही आमच्या परीने कारणं शोधत राहिलो. माणूस आपल्याला समजेल असंच कारण आधी शोधतो, नाही का?

बाथरूममध्ये आमचं पुढून उघडणारं मशीन होतं, आणि ते मंदारचं फार लाडकं. पाणी कमी घेतं, कपडे झिजवत नाही, वर ड्रायर बसतो, हे सगळं तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. शिवाय त्या गोल काचेमागे फेसात उलगडत-मिटत जाणारे रंग पाहायला मलाही आवडायचं. आमची चार वर्षांची इरा तर छोटं स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि काचेपाशी येईल त्या कपड्याचं नाव जर्मनमध्ये पुकारायची. पपाचा शर्ट, मामाचा, म्हणजे माझा, मोजा. एका रविवारी पाहुणे आलेले असताना तिने आनंदाने घरभर ओरडून सांगितलं, की आजीची चड्डी गोल गोल फिरते आहे. सगळे हसले. आईंना जर्मन येत नाही, पण ते वाक्य कळायला भाषेची गरज नव्हती. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या, आणि त्यानंतर त्यांचे ते कपडे मशीनमध्ये कधी आले नाहीत. हे मला आता, त्या शालीखाली हात घातल्यावर उमगलं.

मंदार कामावर होता, इरा बालवाडीत. मी आईंजवळ पलंगावर बसले.

"आई, मशीन असताना हाताने कशाला धुता?"

त्यांनी पदर सारखा केला. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "हल्ली खोकलं-शिंकलं तरी थांबत नाही गं. कपडे खराब होतात. ते सगळ्यांच्यात कसे टाकू? वेगळे लावायचे तर इतकं खाली वाकता येत नाही. खाली बसले तर उठवायला मंदारला हाक मारावी लागेल. आणि त्या काचेतून तर सगळं जग बघतं."

"म्हणून जायचं म्हणता?"

"तिथलं माझं मशीन उंच आहे. झाकण उघडलं, टाकलं, बंद केलं. कुणाला काही सांगावं लागत नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस."

पुढून उघडणारं बरं की वरून, याची चर्चा माणसं किती बारकाईने करतात! पाणी, वीज, आवाज, पिळण्याचा वेग. पण म्हाताऱ्या गुडघ्यांना त्या दारापर्यंत पोचता येतं का, आणि आतलं काय काय कुणाकुणाला दिसतं, हे मी तरी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मी मंदारला म्हटलं, मला वरून उघडणारं मशीन हवं आहे.

"आल्झो, चांगलं चालणारं मशीन बदलायचं कशाला?" तो कारखान्यातल्या जर्मन सवयीने म्हणाला. "इथे ती अरुंद असतात. कपडे कमी मावतात. वर ड्रायरसुद्धा ठेवता येणार नाही."

"चालेल. वाकून वाकून माझी कंबर धरते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आईंच्या बंद दाराकडे पाहिलं. त्याला किती कळलं ते मी अजून विचारलेलं नाही. "बरं," एवढंच तो म्हणाला, आणि शनिवारी आम्ही दोघं जाऊन ते घेऊन आलो.

आईंनी झाकण उचललं आणि आत वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, इथे झाकणाच्या आत आणखी झाकण!" मंदारने दाखवलं, की इथला ड्रम आडवा फिरतो, तिकडच्यासारखा उभा नाही, आतल्या झडपा नीट बसल्या पाहिजेत. त्यांनी त्या स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. खिडकी कुठे गेली, असं इराने हिरमुसून जर्मनमध्ये विचारलं. काय विचारलं असेल ते ओळखून आई मराठीत म्हणाल्या, "खिडकीला पडदा लावला."

नंतर मी त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. व्यायामाने थोडा फरक पडला, सगळा नाही. पण त्यांचं दुपारचं धुणं आता त्यांचं होतं. कधी लावायचं, कधी काढायचं, कुठे वाळत घालायचं, यात कुणी विचारणारं नव्हतं. तिकिटाचा विषय हळूहळू मागे पडला.

वसंतात माझं ऑपरेशन झालं. गर्भाशयातली गाठ काढली. घरी आल्यावर एके दुपारी उठले तर गाऊन आणि चादर दोन्ही रक्ताने माखलेली. डॉक्टरांनी असं होईल म्हणून सांगितलंच होतं, तरी कुणी यायच्या आत दोन्हींचं बोचकं करून कपाटाखाली सारावं म्हणून मी टाके सांभाळत खाली वाकू पाहत होते. दारात आई उभ्या.

"आण इकडे."

"राहू द्या आई, मी करते."

"मी करते म्हणे. पोटाला टाके आहेत ना?"

माझ्या आईशिवाय कुणाच्याही हाती मी असले कपडे आजवर दिले नव्हते. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. इराचा फ्रॉक उचलावा तितक्या सहज त्यांनी ते बोचकं काखेत घेतलं. बाथरूममधून नळाचा आवाज येत राहिला. रक्ताच्या डागाला आधी गार पाणी लागतं म्हणून त्या हाताने धूत होत्या. मग झाकण बंद झाल्याचा आवाज आला.

नंतर येऊन त्या उशाशी बसल्या आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. हात पाण्याने गारठला होता. मी डोळे मिटले आणि तो तसाच राहू दिला.