दहापैकी किती?

बांधकामावर सगळे त्याला ‘वरचा’ म्हणायचे. उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून तो लोखंडी तुळया उचलायचा आणि खालचे मजूर थट्टेनं म्हणायचे, “वरच्याची कृपा आहे, म्हणून चाललंय.”

एके दुपारी मात्र वरच्याचेच हातपाय गळाले. तुळई हवेत लोंबकळत होती, छाती धडधडत होती आणि बोटं दांड्यावर गोठली होती. दुसऱ्या चालकानं वर चढून भार खाली घेतला. कुणाला खरचटलंही नाही; पण तेव्हापासून तो झोपेतही दचकून उठायला लागला. डॉक्टरांनी लांबलचक रजा लिहून दिली. बायकोनं शेजारीपाजारी पाठदुखी सांगितली.

रजा संपत आली, तसं कंपनीनं त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या प्रश्न विचारत आणि त्यानं शून्य ते दहामधला आकडा सांगायचा. दिवसभर काम झेपेल, याची खात्री किती? दहा. चूक झाली तर सावराल? दहा. जमत नसेल तर साहेबांना स्पष्ट सांगाल? दहा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “सगळीकडे दहा तर मी स्वतःलाही देणार नाही.”

“मग काय, शून्य सांगून घरी बसू?” तो उसळला. “कमी सांगितलं तर वर चढू देणार नाही तुम्ही!”

“कमी सांगितलंत तर आधार कुठे लागेल ते कळेल. आकडे साहेबांकडे जात नाहीत.”

तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, “कामाला आठ. वारा सुटला तर चार. आणि साहेबांना नाही म्हणायला… दोन. ते आधीपासूनच दोन आहे, बाई. त्या दिवशी सकाळपासूनच मला बरं वाटत नव्हतं. बोललो नाही.”

ठरलं असं, की पहिले काही आठवडे केबिनमध्ये दुसरा चालक सोबत बसेल. “वरच्याला राखणदार मिळाला!” खाली खसखस पिकली. तो शिडी चढत राहिला.

मग एक दिवस वारा उठला. वॉकीटॉकीवर साहेब गरजले, “शेवटची तुळई. उचल पटकन!”

वारा मोजणारा काटा मर्यादेच्या आतच होता. तरी त्याचा हात दांड्यावरून मागे आला. वाऱ्याला भितोय की स्वतःच्या मनाला, त्याचं त्यालाच कळेना. खाली माणसं माना वर करून उभी होती. सोबतचा चालक काट्याकडे बघत होता.

“साहेब, मी नाही उचलत. माझा हात स्थिर नाही.”

सगळ्यांनी ऐकलं.

“काम तुझ्या मर्जीनं चालतं का रे?”

“नाही साहेब. पण आत्ता माझ्या हातून नको.”

दोघांनी जागा बदलल्या. सोबत्यानं तुळई अलगद नेऊन ठेवली. काहीच झालं नाही. तेच त्याला जास्त झोंबलं. खाली उतरल्यावर साहेबांनी चारचौघांत झापलं आणि शेवटी तोंड फिरवून म्हणाले, “उद्या वेळेवर ये.”

घरी चहा घेता घेता त्यानं सगळं सांगितलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

“जाणार ना उद्या?”

“जाणार.”

तो गेला. पुढे केबिनमधली सोबतही सुटली. आजही एखाद्या सकाळी तो शिडीपाशी जरा रेंगाळतो. कुणी हाक मारली तर म्हणतो, “थांबा, येतोय,” आणि दम घेऊनच चढायला लागतो.