पाच वाजून पासष्ट मिनिटं

माझी थोरली जाऊ गुणमालाक्का जेमतेम सातवी शिकलेली. पण हट्टाला अशी चिवट, की तिच्यापुढं आमचं अख्खं घर नमतं घेतं. सांगलीजवळ आमची शेती आहे आणि दोन्ही जावांचा स्वयंपाक एकत्र.

माझी दीपाली चौथीत. गणिताचा तास आला की तिच्या पोटात दुखायचं, तास संपला की थांबायचं. बाईंनी दोनदा बोलावून घेतल्यावर मी वैतागून पोरीसमोरच म्हणाले, "हिच्या डोक्यात गणित शिरायचंच न्हाई."

आक्कानं लाटणं खाली ठेवलं. "आसं म्हणू नगंस. उद्यापासनं सांजच्या जेवणाचा हिशोब हीच करंल."

पहिला आठवडा सोपा गेला. कोण किती भाकऱ्या खाणार ते विचारून दीपाली बेरीज करायची, वाटीनं पीठ मोजायची. मग आक्कानं वेळ काढायला सांगितली. चातुर्मास चालू होता. दिवस मावळला की आक्का पाणीसुद्धा तोंडात घेत नाही. कॅलेंडरात सूर्यास्त बघायचा, भाकऱ्या आणि जेवण मिळून चाळीस मिनिटं वजा करायची आणि गॅस कधी पेटवायचा ते सांगायचं.

त्या दिवशी सूर्यास्त होता सहा वाजून पाच मिनिटांनी. मी रानातून आले तेव्हा पीठ परातीत कोरडंच होतं आणि दीपाली भिंतीवरच्या घड्याळापुढं उभी होती. वहीत लिहिलेलं, ६०५ वजा ४० बरोबर ५६५.

"आई, पाच पासष्ट कवा वाजत्यात?" ती रडवेली झाली होती. "साठ झाली, तर सहाच वाजलं की!"

माझं डोकंच फिरलं. बाजारात तोंडी हिशोब करणाऱ्या आक्काला ही चूक दिसली नसेल? ती तिथंच भाजी निवडत बसली होती.

"आवं आक्का, सांगायचं तरी! आता उपाशी ऱ्हाणार?"

"ऱ्हाते की. एका रातीनं काय हुतंय?"

"बास झालं. उद्यापासनं वेळ मी बघते."

"न्हाई. उद्याबी तीच सांगंल, आन् मी तवाच जेवंन."

आम्ही बाकीचे जेवलो. दीपाली भाकरीचे नुसते तुकडे करत राहिली. आक्का तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. मला आक्काचा राग आला होता आणि स्वतःची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच दीपालीनं दप्तर टाकलं आणि घड्याळाखाली पाट मांडून बसली. काटा उलटा फिरवल्यासारखं बोट मागं मागं नेत तिनं मिनिटं मोजली. खोडलं, पुन्हा मोजलं. मला विचारलं नाही, की पोटात दुखतंय म्हणाली नाही.

"पाच पंचवीस!" ती ओरडली. "मोठी आई, तासातनं साठच उसनं मिळत्यात, शंभर न्हाई!"

सहाला पाच कमी असताना आक्का शेवटचा घास खाऊन पाणी प्यायली. परसातल्या भिंतीवर ऊन अजून होतं. दीपाली ताटाकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "दीपा, उद्या गॅस किती वाजता पेटवू गं?"

"थांब," ती म्हणाली, "बघून सांगते."